गॅस जमिनीखाली, भाव आभाळाला: टेक्सास, फेब्रुवारी 2021

पश्चिम टेक्सासमध्ये वाहा नावाचं एक ठिकाण आहे. पर्मियन या तेल-वायूच्या खोऱ्यातला नैसर्गिक वायू जिथून पाइपलाइनमध्ये शिरतो, अशा जागांपैकी ही एक. सिलिंडरमधला एलपीजी नव्हे, पाइपातला गॅस. एप्रिल 2019 मध्ये वाहाचा भाव शून्याच्या खाली गेला होता. म्हणजे गॅस विकणाराच घेणाऱ्याला वर पैसे देत होता. विहिरी तेलासाठी खणलेल्या, त्यातून गॅस आपोआप येतो, पाइपलाइन भरलेल्या, करायचं काय त्याचं? दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी 2021 मध्ये, त्याच वाहाला दहा लाख बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक, गॅस त्यावर विकला जातो) भाव 200 डॉलरच्या वर गेला. ह्युस्टन शिप चॅनल या दुसऱ्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणी 400 डॉलर झाला आणि शेजारच्या ओक्लाहोमात 1,000 डॉलर ओलांडले गेले. एरवी तोच गॅस दोन-तीन डॉलरला मिळतो.

जमिनीखालचा गॅस कुठेही गेला नव्हता. मग ही टंचाई कसली? हे प्रकरण बारकाईने पाहायचं ते त्यासाठी.

14 फेब्रुवारीच्या रविवारी उत्तर ध्रुवाकडची थंड हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली. डॅलस-फोर्ट वर्थला 16 तारखेला उणे 19 सेल्सिअस नोंदलं गेलं. 1949 नंतर इतकी थंडी तिथे पडली नव्हती. ह्युस्टनही उणे 10 च्या खाली. मिनेसोटात असा आठवडा नेहमीचाच, पण टेक्सासची घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. तिथली साधारण 60 टक्के घरं विजेवर तापतात. त्यातल्या अनेकांत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र असतो, बाहेरची हवा फार गार झाली की त्याचा जोर संपतो आणि मदतीला विजेची कॉइल चालू होते. ती कॉइल 10 किलोवॉटच्या आसपास ओढते. प्रत्येक घरात पाच गीझर एकदम लावून दिवसभर चालू ठेवावेत, असं काहीसं. फ्रिस्को, प्लेनो, केटी, राउंड रॉक इथे ज्यांचे नातलग आहेत, त्यांना तो आठवडा आठवत असेल: फुटलेले पाइप, घरातच घातलेली जॅकेटं आणि फोन चार्ज करायला गाडीत जाऊन बसणं.

टेक्सासचं बहुतांश वीजजाळं एर्कॉट नावाची संस्था चालवते. राज्यातली जवळपास 90 टक्के मागणी तिच्याकडे. थंडीच्या टोकाच्या परिस्थितीसाठी तिने आधी धरलेला मागणीचा अंदाज होता साधारण 67,000 मेगावॉट. रविवारी संध्याकाळीच मागणी 69,000 च्या पुढे गेली. वीज तोडावी लागली नसती, तर ती 76,800 मेगावॉटपर्यंत चढली असती, असं नंतर काढलेल्या हिशेबात दिसतं. पण अंदाज चुकला एवढ्यावर हे प्रकरण उरकता येत नाही. मागणी वर चढत होती त्याच तासांत पुरवठा खाली येत होता, आणि दोन्हीमागे कारण एकच होतं.

गोठलं नेमकं काय

विहिरीतून गॅस कोरडा येत नाही. त्याबरोबर पाणी येतं, जड हायड्रोकार्बन येतात. विहिरीच्या तोंडाशी जिथे दाब उतरवला जातो, तिथे गॅस प्रसरण पावताना आणखी गार होतो. बाहेर गोठणबिंदूच्या बराच खाली पारा असेल, तर त्या अरुंद जागी बर्फासारखा खडा जमतो आणि विहीर बंद पडते. धंद्यात याला फ्रीझ-ऑफ म्हणतात. थंड प्रदेशात यावर जुने, साधे उपाय आहेत: गॅसमध्ये मिथेनॉल सोडायचं, हीटर लावायचा, पाइपांना आवरण घालायचं, यंत्रांभोवती शेड उभारायची. टेक्सासमध्ये बऱ्याच ठिकाणी यातलं काही नव्हतं. त्यात भर म्हणजे रस्ते बर्फाने बंद. विहिरीतून येणारं पाणी टँकरने उचलावं लागतं, टँकर पोचला नाही की टाकी भरते आणि धडधाकट विहीरही बंद करावी लागते.

13 फेब्रुवारीला संपलेल्या आठवड्यात टेक्सासचं गॅस उत्पादन रोज 21.3 अब्ज घनफूट होतं. 17 तारखेला ते 11.8 अब्जांवर आलं. जवळजवळ निम्मं गेलं.

वीजकेंद्रांची अवस्था वेगळी नव्हती. पाणी, वाफ आणि दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या उघड्यावर असतात, कारण उन्हाळ्यात केंद्राभोवती भिंती नकोच असतात, उष्णता बाहेर जावी लागते. त्या बोटाएवढ्या नळ्या गोठल्या की यंत्राला चुकीचा दाब दिसतो आणि ते स्वतःला वाचवायला बंद होतं. साउथ टेक्सास प्रकल्पातली अणुभट्टी क्रमांक 1 सोमवारी पहाटे अशीच बंद पडली. अणुभट्टी ठणठणीत होती, वाफ करायला आत जाणाऱ्या पाण्याचा (फीडवॉटरचा) दाब मोजणारी नळी गोठली होती.

त्या आठवड्यात टेलिव्हिजनवर पवनचक्क्यांवर बरंच खापर फुटलं, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनीही फोडलं. पवनचक्क्या गोठल्या हे खरंच. पण फर्क हा केंद्रीय ऊर्जा आयोग आणि नर्क ही वीजजाळ्यांच्या भरवशावर लक्ष ठेवणारी संस्था, या दोघांनी नोव्हेंबर 2021 मध्ये संयुक्त अहवाल दिला, त्यात टेक्साससह दक्षिण-मध्य अमेरिकेत बाधित झालेल्या 1,045 वीजसंचांपैकी 58 टक्के गॅसवरचे होते, 27 टक्के पवनचक्क्यांचे. बिघाडांमागे सगळ्यात मोठं कारण होतं गोठणं, 44.2 टक्के. दुसरं, इंधन न मिळणं, 31.4 टक्के, आणि त्या इंधनाच्या अडचणींपैकी 87 टक्के नैसर्गिक गॅसच्या.

पहाटेची साडेचार मिनिटं

रविवारची रात्र उलटून सोमवार, 15 फेब्रुवारी लागला. 12 वाजून 15 मिनिटांनी एर्कॉटने आणीबाणीची पहिली पायरी जाहीर केली. 1 वाजून 7 मिनिटांनी दुसरी, 1 वाजून 20 मिनिटांनी तिसरी. तिसरी म्हणजे लोडशेडिंग. सुरुवातीला 1,000 मेगावॉट तोडायला सांगितलं. तोवर आणखी संच बंद पडत होते, तोडलेलं पुरत नव्हतं, पुन्हा तोडा.

अमेरिकेत वीज 60 हर्ट्झवर चालते, आपल्याकडे 50 वर. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की हा आकडा घसरतो. 59.4 च्या खाली जाळं सलग 9 मिनिटं राहिलं, तर उरलेले वीजसंच स्वतःच्या बचावासाठी सुटायला लागतात आणि मग सगळं राज्य अंधारात जातं. त्या पहाटे जाळं 59.4 च्या खाली 4 मिनिटं 23 सेकंद होतं. सर्वांत खालचा आकडा 59.302. टेक्सासमधले आपोआप वीज तोडणारे रिले 59.3 ला चालतात. दोन सहस्रांश हर्ट्झचं अंतर राहिलं होतं. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी पहाटेपर्यंत 10,500 मेगावॉट तोडून ते सावरलं. सगळं जाळं एकदा कोसळलं असतं, तर शून्यातून उभं करायला आठवडे लागू शकले असते. त्या संस्थेच्या कारभारावर कितीही टीका करावी, ती रास्तच आहे, पण त्या अर्ध्या तासातलं ऑपरेटरांचं काम चोख होतं.

पुढे तोडलेला भार 20,000 मेगावॉटपर्यंत गेला. आता लोडशेडिंग म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला वेळापत्रक आठवतं. 2005 नंतरच्या वर्षांत कुठला फिडर कुठल्या गटात, सकाळी किती ते किती, हे गावात पोराटोरांना पाठ असायचं. त्रास होताच, पण पाळी फिरायची. टेक्सासमध्येही योजना फिरत्या लोडशेडिंगचीच होती, 15 ते 45 मिनिटांची. ती फिरलीच नाही. रुग्णालयं, पाणीपुरवठा ज्या फिडरवर आहेत ते तोडता येत नाहीत. आपोआप तुटणाऱ्या रिलेंसाठी राखलेले फिडरही हातचे ठेवावे लागतात. उरलेले सगळे फिडर तोडल्यावरच आकडा पुरा होत होता, मग पाळी बदलायची कोणाशी? ज्यांची वीज सोमवारी पहाटे गेली त्यातल्या अनेकांची ती गुरुवारपर्यंत आलीच नाही, आणि दोन चौकांपलीकडच्या रुग्णालयालगतच्या इमारतीत एकही मिनिट दिवे गेले नाहीत. 45 लाखांहून अधिक घरं आणि व्यवसाय अंधारात होते. राज्याच्या आरोग्य विभागाने मोजलेले मृत्यू 246. त्यातले बरेच थंडीने, काही घरात कोळसा किंवा जनरेटर पेटवल्याने झालेल्या विषबाधेने.

फिडर तोडताना आणखी एक घोळ झाला, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हाच. गॅस विहिरीतून उचलायला, शुद्ध करायला, दाबून पुढे ढकलायला आता बऱ्याच ठिकाणी विजेची यंत्रं आहेत. पूर्वी ती गॅसवरच चालायची. ‘आमची वीज तोडू नका’ असं सांगणारा अर्ज वितरण कंपनीकडे भरायचा असतो. अनेक गॅस कंपन्यांनी तो भरलाच नव्हता, कित्येकांना असा अर्ज असतो हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे वीज वाचवायला जे फिडर तोडले, त्यात वीजकेंद्रांना गॅस पुरवणारी यंत्रंही बंद झाली. गॅस कमी, म्हणून वीज कमी, म्हणून फिडर बंद, म्हणून गॅस आणखी कमी. गॅसची घसरण त्याआधीच, थंडीनेच सुरू झाली होती, हे मात्र नोंदवलं पाहिजे. सगळं खापर अर्जावर फोडणं गॅसवाल्यांच्या सोयीचं आहे.

नऊ हजार डॉलर

टेक्सासच्या वीजबाजारात केंद्राला पैसे मिळतात ते मुख्यतः विकलेल्या विजेचेच. नुसतं केंद्र उभं ठेवल्याबद्दल वेगळं ठरीव मानधन नाही. वर्षातले बहुतेक दिवस भाव मेगावॉटतासाला 20-30 डॉलर. टंचाईच्या मोजक्या तासांत तो कमाल 9,000 डॉलरपर्यंत जाऊ द्यायचा, त्या कमाईच्या आशेने लोक केंद्रं बांधतील आणि ती धडधाकट ठेवतील, अशी तेव्हाची रचना. 9,000 डॉलर म्हणजे एका युनिटला 9 डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण साडेसहाशे रुपये. आपल्याकडे मार्च 2022 मध्ये उष्णता वाढली, कोळसा कमी पडला, आणि वीज एक्स्चेंजवर युनिट 20 रुपयांना पोचलं तेव्हा केंद्रीय आयोगाने एप्रिलपासून 12 रुपयांची मर्यादा घातली. तुलनेसाठी एवढं पुरे.

सोमवारी, 15 तारखेला, एक विचित्र गोष्ट घडली. राज्य अंधारात असताना बाजारातला भाव काही वेळा 1,200 डॉलरच्या आसपास येत होता. कारण सरळ होतं: ज्यांची वीज तोडली त्यांची मागणी संगणकाला दिसतच नव्हती. उरलेल्या मागणीला पुरवठा पुरेसा, मग भाव खाली. एक आकडेमोड इथे करून पाहण्यासारखी आहे. चांगल्या गॅस केंद्राला एका मेगावॉटतासाला साधारण 70 लाख बीटीयू गॅस लागतो. गॅस 3 डॉलरला असेल, तर इंधनाचा खर्च 21 डॉलर. 400 डॉलरला असेल, तर 2,800. म्हणजे 1,200 ला वीज विकायची तर गॅस विकत घेणाऱ्याने दर युनिटमागे तोटाच सोसायचा. टेक्सासच्या लोकोपयोगी सेवा आयोगाने त्या संध्याकाळी आदेश काढला: लोडशेडिंग चालू आहे तोवर भाव कमाल मर्यादेवरच असला पाहिजे.

तर्क चुकीचा नव्हता. पण किंमत वाढवून गोठलेली विहीर वितळत नाही. 1,200 ला जे केंद्र चालू शकत होतं ते चालूच होतं. जे बंद होतं ते 9,000 ला सुरू होणार नव्हतं, कारण अडचण पैशाची नव्हती, आवरण न घातलेल्या नळीची होती. ते आवरण घालायची वेळ ऑक्टोबरात असते, तेव्हा वीज 25 डॉलरला असते.

लोडशेडिंगचा आदेश बुधवारी, 17 तारखेला रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी मागे घेतला गेला. भाव 9,000 वरून खाली आला शुक्रवारी सकाळी 9 वाजता. मधले सुमारे 33 तास बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या डोळ्यांत सलले. तिने जादा आकारणीचा आकडा मांडला 16 अब्ज डॉलर. कोणी आधीच करार करून ठेवले होते, कोणी नाही, त्यांची वजाबाकी केली की निव्वळ बोजा बराच कमी होतो, पण ज्याच्याकडे करार नव्हता त्याला त्या वजाबाकीचा उपयोग नाही. आयोगाने भाव बदलायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं, अपील न्यायालयाने 2023 मध्ये आयोगाच्या विरोधात निकाल दिला, आणि जून 2024 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: आयोगाला तो अधिकार होता. अधिकार होता हे मान्य, पण ते 33 तास मला आजही पटत नाहीत. तोडायला काहीच उरलं नसताना टंचाईचा कमाल भाव कशासाठी?

गॅसच्या बाजूला कमाल मर्यादा नव्हतीच. तिथे कॅलेंडरनेही घात केला. 15 फेब्रुवारी हा प्रेसिडेंट्स डे, सुट्टी. अमेरिकेत लांब सुट्टीच्या दिवसांचा गॅस आदल्या शुक्रवारीच एकत्र विकला जातो. म्हणजे शनिवार ते मंगळवार चारही दिवसांचे सौदे 12 तारखेला, अंदाजावर. ज्याने कमी घेतला त्याला मधे जवळपास बाजारच नव्हता, आणि ज्याने विकला त्याची विहीर सोमवारी गोठली तर त्याने ‘फोर्स मॅज्युर’चं, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीमुळे करार पाळता येत नाही असं, पत्र पाठवून हात वर केले.

याच आठवड्यात लुइझियानातल्या हेन्री हबला, ज्याच्या दरावरून अमेरिकेतला गॅसचा भाव मोजतात, हजर भाव 23.86 डॉलरपर्यंत गेला, आणि त्याच हबचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या गॅसचा भाव, मात्र 3 डॉलरच्या आसपासच राहिला. हजर बाजार ओरडत होता आणि वायदा शांत. धंद्यातल्या जुन्या माणसांना त्याचा अर्थ लगेच कळला: गॅस संपलेला नाही, इथून तिथे पोचत नाहीये, आणि थंडी ओसरली की पोचेल. आपल्याशी याचा संबंध असा की गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने लुइझियानातल्या सबाइन पासहून घेतलेल्या एलएनजीचा, म्हणजे जहाजातून येणाऱ्या द्रवरूप गॅसचा, दर हेन्री हबला बांधलेला आहे, त्या भावाच्या 115 टक्के आणि वर ठरीव शुल्क. तो दर वायद्यावरून ठरतो, त्यामुळे दाभोळला उतरणाऱ्या अशा गॅसच्या बिलात टेक्सासचे 400 डॉलर आले नाहीत. मेक्सिकोचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. त्यांची उत्तरेकडची वीजकेंद्रं पाइपलाइनने टेक्सासच्या गॅसवर चालतात, आणि सोमवारीच चिवावा, कोआविला, नुएव्हो लेऑन, तामाउलिपास या राज्यांत 47 लाख ग्राहकांची वीज गेली.

कोण बुडालं? ग्रिडी नावाची एक किरकोळ कंपनी महिना 9.99 डॉलर घेऊन ग्राहकांना थेट घाऊक दराने वीज द्यायची. एरवी स्वस्त पडायची. संकटाच्या तोंडावर तिने आपल्याच 29,000 ग्राहकांना ‘दुसरीकडे जा’ म्हणून कळवलं. ज्यांना जाता आलं नाही त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत. ब्रॅझोस ही राज्यातली सगळ्यात जुनी आणि मोठी वीजनिर्मिती सहकारी संस्था 1 मार्चला दिवाळखोरीत गेली. तिला सात दिवसांचं बिल आलं होतं 2.1 अब्ज डॉलर. व्हिस्ट्रा ही राज्यातली बडी वीजनिर्मिती कंपनीही दीड अब्जाहून अधिक गमावून बसली: वीज आधीच विकलेली, गॅस मिळेना, मग दिलेला शब्द पाळायला तीच वीज 9,000 ने विकत घ्या. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याकडे साठ्यातला गॅस आणि चालू पाइपलाइन होती त्यांची चांदी झाली. एनर्जी ट्रान्सफरने त्या एका वादळातून साधारण 2.4 अब्ज डॉलर मिळवले.

एल पासोत दिवे का गेले नाहीत

त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो शहर आहे. तिथेही पारा उतरला. पण तिथे मोजक्या ग्राहकांची वीज काही मिनिटांपुरती गेली, बस. एल पासो एर्कॉटच्या जाळ्यात नाही, पश्चिम अमेरिकेच्या जाळ्यात आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून वीज घेता येते. बाकी टेक्सासने 1935 च्या केंद्रीय वीज कायद्याच्या कक्षेबाहेर राहायला आपलं जाळं मुद्दाम एकटं ठेवलं. बाहेरची जोडणी जेमतेम 1,200 मेगावॉटची, आणि शेजारीही त्या आठवड्यात गारठलेलेच.

पण जोडणी हे अर्धंच उत्तर. फेब्रुवारी 2011 मध्येही टेक्सासमध्ये अशीच थंडी पडली होती, अशीच लोडशेडिंग झाली होती, आणि त्या ऑगस्टमध्ये फर्क-नर्कने नळ्यांना आवरण, हीटर, सगळं सविस्तर लिहून दिलं होतं. एल पासोच्या कंपनीने तेव्हा मनावर घेतलं आणि पुढचं केंद्र थंडीला तोंड देईल असं, गॅस नसेल तर तेलावर चालेल असं बांधलं. बाकी राज्यात ती शिफारसच राहिली. कारण तिथे स्पर्धा आहे. एकाने नळ्यांवर खर्च केला आणि दुसऱ्याने नाही, तर थंडी न पडलेल्या प्रत्येक वर्षी पहिलाच मागे पडतो. एल पासोची कंपनी नियंत्रित मक्तेदारी आहे, तिला तो खर्च दरात मागता येतो. मुक्त बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी मीही आहे, पण या मुद्द्यावर त्यांच्याकडून सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही.

2021 च्या जूनमध्ये राज्याने सिनेट बिल 3 मंजूर केलं. वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली, तपासण्या सुरू झाल्या, दंड आले. 2022 पासून कमाल भाव 9,000 वरून 5,000 डॉलरवर आणला. गॅसची बाजू रेलरोड कमिशन बघतं, नाव रेल्वेचं असलं तरी रेल्वेशी आता त्याचा काही संबंध नाही. तिथे सुरुवातीच्या मसुद्यात 150 डॉलर शुल्क भरून ‘आम्ही महत्त्वाचे नाही’ असं लिहून दिलं की सुटका होती. आमदारांनी आरडाओरडा केल्यावर ती पळवाट अरुंद केली गेली.

डिसेंबर 2022 मध्ये एलियट वादळ आलं. टेक्सासमध्ये मागणी 74,000 मेगावॉटच्या पुढे गेली, एर्कॉटचा अंदाज पुन्हा चुकला, पण लोडशेडिंग झाली नाही. त्याच दिवसांत टेनेसी व्हॅली ॲथॉरिटी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीने आपल्या 90 वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा वीज तोडली, आणि ॲपलेशियातल्या गॅस विहिरी पश्चिम टेक्सासच्या तशाच गोठल्या. गॅसच्या विहिरींना थंडीची तयारी सक्तीची करणारा केंद्रीय कायदा तेव्हाही नव्हता.